आमच्या मोहल्ल्यावरची खोपडी

मोबाइल वाजायला लागला तसे छोटे मालक, म्हणजे आमच्या ट्रॅव्हल्सच्या मालकांचा मुलगा, पुढच्या सीटवरून म्हणाले, "काचा वर करा सगळ्यांनी. इथं थांबायचं नसतं."

जीप बंद मिलच्या मोडावर वळत होती. भर दुपार. उज्जैनच्या रामघाटावरून पाहुणे घेऊन आम्ही स्टेशनकडे निघालो होतो. पाहुणे म्हणजे मालकांच्या नात्यातले, पुण्याचे काका-काकू. काकूंनी पर्स पोटाशी ओढली आणि पदर नाकाला लावला. वास कसलाच नव्हता. तरी लावला.

टूँ टूँ टूँ. मोबाइल थांबेना. छोटे मालक कौतुकानं म्हणाले, "काका, बघा आमची नवीन सिस्टिम. खतऱ्याची जागा आली की आपोआप घंटी." मोबाइल त्यांनी मागे केला. "ए, काकांना दे."

माझ्या हातातून गेला तो, म्हणून मी पाहिलं. नकाशावर बारीकशी पांढरी खोपडी. खाली दोन हाडं. विजेच्या डीपीवर असते तशी. तिच्या बाजूला आमच्या जातीचं नाव. शिवी देताना लोक ते जसं थुंकतात ना, तसं लिहिलेलं. पुढे, ‘चोर बस्ती. गाडी रोकना मना है.’

तो मोहल्ला माझा. खोपडी होती त्या जागी माझ्या भावाचं पंक्चरचं दुकान.

आणि काचेपलीकडे माझी माय उभी होती. नळावरून पाण्याचा डबा भरून आणत होती. जीपमध्ये मला बघून तिचं तोंड फुललं. पोरगी साहेब लोकांच्या गाडीत बसली! तिनं हात वर केला.

"बघा, असेच हात करून गाड्या अडवतात," छोटे मालक म्हणाले.

"ती माय आहे माझी," मी म्हटलं.

मोबाइल तेवढा वाजत होता.

"भैया, गाडी रोको," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"रोकना मत," छोटे मालक म्हणाले.

मी दार उघडलं. चालत्या गाडीचं. तेव्हा ब्रेक लागला. काकू किंचाळल्या. मी उतरली, दार इतक्या जोरात आपटलं की हाताला झिणझिण्या आल्या.

"अगं येडी," माय म्हणाली, "कुणी उतरते का अशी गाडी सोडून?" मी तिच्या हातातला डबा घेतला आणि चालायला लागली. तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या डोक्यावर खोपडी लावलीय, असं?

आमचा बाप अकोल्याकडून इथे मिलमध्ये आला. मिलच्या मागे झोपड्या पडल्या, त्यांचा मोहल्ला झाला. पुढे विहार बांधलं, निळा झेंडा लागला. मग मिल बंद झाली. देशात म्हणे नवीन वारं आलं होतं. आमच्याकडे ते भोंगा बंद करत आलं. बाप त्यातच खचला आणि गेला. दादानं मोडावर चार टायर टांगले आणि पंक्चर काढायला बसला. त्यानं मला शिकवलं. कॉम्प्युटरचा कोर्स त्यानंच करायला लावला. "तू खुर्चीवर बसशील," म्हणायचा. दुसरं काही मागितलं नाही त्यानं कधी.

शहरात तेव्हा बँका गाड्यांना कर्ज वाटत होत्या. जो तो ट्रॅव्हल्स उघडत होता. माधवनगरात एका मराठी माणसाच्या ट्रॅव्हल्समध्ये मला नोकरी लागली. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पूर्वज दरबारात कारभारी होते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. मला ठेवून घेताना म्हणाले, "मराठी मुलगी आहे, म्हणजे घरचीच." राहते कुठे विचारलं. मी सांगितलं, मिलच्या मागे. आमच्या मोहल्ल्यात सगळे हेच सांगतात. मोहल्ल्याचं नाव घेतलं की समोरच्याचं तोंड बदलतं, म्हणून पहिल्यापासून ही सवयच. मिलच्या मागे बाबू लोकांचे जुने क्वार्टर पण होते. भाऊसाहेब त्यातलंच काही समजले. मी "मी गेली" म्हटलं की गोड हसून म्हणायचे, "‘गेले’ म्हणावं, बाळ." यात्रेकरूंना द्यायच्या प्रसादाची पाकिटं माझ्याच हातून भरून घ्यायचे.

मग ते नकाशावाले मोबाइल आले. टच-स्क्रीनच्या आधीचे, बटणांचे. प्रत्येक गाडीत एक. पण त्यातलं उज्जैन म्हणजे स्टेशन, दोन-चार रस्ते आणि नदीची निळी रेघ. बाकी कोरं. आपल्या जागा आपणच भरायच्या. जागेवर जाऊन उभं राहायचं, बटण दाबायचं, नाव लिहायचं, चित्र निवडायचं. हवी तर घंटी लावायची, मग गाडी जवळ आली की मोबाइल वाजणार. ते काम भाऊसाहेबांनी मला दिलं. खरं सांगते, इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं. घाट भरले, धर्मशाळा भरल्या, साफ संडास कुठे, औषधाचं दुकान कुठे. मी बटण दाबलं की ती जागा नकाशात यायची. मस्त वाटायचं.

आणि आमचा मोहल्ला पण मीच भरला. का नाही भरायचा? विहार घातलं. मोडावर दादाचं दुकान घातलं, पान्याचं चित्र दिलं, घंटी लावली. वाटेत गाडी बसली तर ड्रायव्हरला कळावं, इथे पंक्चर काढणारा आहे. दादाला दाखवलं तर तो तेलकट बोटानं स्क्रीनला हात लावायला घाबरला. "आपण आहोत यात?" म्हणाला. आहोत, मी म्हटलं.

छोटे मालक सगळं ‘चेक’ करायला बसले असणार. पान्याच्या जागी खोपडी लावली. विहार उडवलं. नाव बदललं. घंटी मात्र माझीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेली. घरी बसायचं? मी कशाला बसू? पाण्याचा मटका दाराबाहेर पालथा पडला होता आणि पोऱ्या माझ्याकडे बघायचं टाळत होता. प्रसादाची भरलेली पाकिटं एका गोणीत कोंबून नदीत सोडायला काढून ठेवली होती.

भाऊसाहेबांनी आत बोलावलं. बस म्हणाले नाहीत. "आम्ही जात-पात मानत नाही," त्यांनी सुरुवात केली. ही सुरुवात झाली की पुढे काय येतं ते आम्हाला पाळण्यापासून ठाऊक असतं. "पण तू आधी सांगायला हवं होतंस. देवाचं काम आहे हे. लोक श्रद्धेनं येतात."

"नकाशात जे लिहिलंय ते काढा," मी म्हटलं.

"पॅसेंजरच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, बाळ."

"कोणाला लुटलं आम्ही? एक नाव सांगा."

ते चष्मा पुसत बसले. मी बाहेर आली आणि कॉम्प्युटरवर बसली. सगळ्या जागा त्यात एकत्र होत्या, तिथून वायर लावून एकेका मोबाइलमध्ये भरायच्या. मी खोपडी उडवली. ती शिवी उडवली. विहार परत घातलं, दादाचं दुकान घातलं. ऑफिसात पडलेले मोबाइल एकामागून एक जोडत गेली. ओंकारेश्वरला गेलेल्या जीपचा तेवढा राहिला.

छोटे मालक मागून आले. "कोणाला विचारून?" एवढंच म्हणाले आणि कानाखाली मारली. माझं डोकं स्क्रीनवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. "तुम लोगों को कुर्सी क्या दे दी..." पुढचं त्यानं पूर्ण केलं नाही, कारण मी पेपरवेट उचलला होता. (इथून पुढे त्याला ‘ते’ म्हणणार नाही.) नेम त्याच्या तोंडाचाच होता. तो वाकला, दाराची काच फुटली. काय आवाज झाला! सगळं माधवनगर जमलं. त्यानं माझी वेणी धरली आणि त्या काचांवरून मला ओढत रस्त्यावर आणून टाकलं. भाऊसाहेब वर पायरीवर उभे होते. म्हणाले, "आता तरी समजलं ना, लोक का काचा वर करतात?"

माझ्या कोपरात काच रुतली होती. दादानं ती काढली. काढली तसा तो उठला. म्हणाला, "मी जाऊन येतो तिथे." मायनं दार अडवलं. पाया पडली त्याच्या. स्वतःच्या पोराच्या. मग तो बसला.

ओंकारेश्वरची जीप परत आली ती त्यानंतर दोन दिवसांनी, अशाच भर दुपारी. ड्रायव्हर नवा होता, गावाकडचा, आमच्यातल्या कुणाला ओळखत नव्हता. नेमका मोडावरच टायर फुटला. जीप रस्त्यात आडवी. मागून विटा भरलेला ट्रक येत होता. दादानं ते पाहिलं. एका हातात जॅक, एका हातात टॉमी, टायर उचकटायची लोखंडी पट्टी असते ती, असा तो ओरडत धावला, "हटो, हटो, नीचे उतरो सब!"

त्याला काय माहीत की आत मोबाइल कोकलतोय. खोपडी दिसतेय. चोर बस्ती. गाडी रोकना मना है.

ट्रक बाजूनं निघून गेला. त्याला काही झालं नाही. जीपलाही नाही. ड्रायव्हर व्हीलपाना घेऊन उतरला आणि त्यानं सरळ दादाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या चहावाल्यानं ऐकला. जॅक पडला. मग आतले उतरले, कपाळावर गंध, गळ्यात रुद्राक्ष. त्यांनी लाथा घातल्या. पोटात, तोंडावर. दादा सांगत होता, "पंक्चर निकालता हूँ भाई, पंक्चर..." आणि ते मारत होते.

मायची किंकाळी ऐकून मी धावली. दादा डांबरावर पडला होता, उजवा हात नको तिकडे वळलेला. मी एकाच्या पाठीत नखं रोवली, एकाला चावली. मोहल्ल्यातली माणसं आली तेव्हा ते मागे सरले. आणि जीपच्या आतून आवाज येत होता. टूँ टूँ टूँ. माझी घंटी. गाडी दादाच्या दुकानापाशी होती ना, मग ती वाजणारच.

पोलीस आले. त्यांनी उचललं कोणाला? दादाला. दवाखाना नंतर, आधी ठाणा. मोडका हात गमछ्यात बांधून त्याला बाकावर बसवला. ड्रायव्हरनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साब, हमको तो पहले से मालूम था. देखिए." ठाणेदारानं वाचलं. हसला तो. "लो," म्हणाला, "नक्शे में भी लिखा है." आणि शिपायाला सांगितलं, "लूट की कोशिश लगाओ."

ऐकलं का? काही दिवसांपूर्वी जे एका पोरानं टाइमपास म्हणून बटणं दाबून लिहिलं, ते पुरावा झालं. आम्ही चोर आहोत कारण नकाशात लिहिलंय. नकाशात लिहिलंय कारण आम्ही चोर आहोत.

"ते यांच्या मुलानं लिहिलंय," मी ठाणेदाराला हिंदीत सांगितलं. तोवर भाऊसाहेब आणि छोटा मालक आलेच होते. त्यांना खुर्च्या मिळाल्या. चहा आला.

भाऊसाहेबांनी मला आणि मायला व्हरांड्यात घेतलं. तिच्याशी बोलताना ‘आई’ म्हणाले. "आई, तुमचा मुलगा आज संध्याकाळी घरी येईल. हात पण मी बघतो, चांगल्या डॉक्टरकडे. मुलीला परत कामावर घेतो. काचेची तक्रार मी करत नाही. हिनं फक्त एवढं सांगायचं, नकाशात ते हिच्याच हातून लिहिलं गेलं. चुकून. सगळा नकाशा हिनंच भरलाय, हे सगळ्यांना माहीतच आहे. मग आम्ही मोबाइल घेऊन जातो, ते पुसून टाकतो. विषय संपला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी डोक्यात सणक गेली. माझ्या घरावर, माझ्या मायवर, माझ्या मेलेल्या बापावर ती शिवी मी लिहिली. माझ्या हातानं. असं मी सांगायचं. म्हणजे मारलं पण आम्हीच, मार खाल्ला पण आम्हीच.

माय माझा हात धरून होती. "हो म्हण पोरी," ती म्हणाली. "एक शब्द तर आहे. माझा पोरगा सुटू दे." तिचे डोळे बघवत नव्हते. आतून दादाचं कण्हणं ऐकू येत होतं. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, जमीन फाटू दे आणि मला घेऊ दे. जो माणूस माझ्यासाठी टायर उचकटत राहिला, त्याचा हात गेला, आणि त्याला सोडवणं माझ्या जिभेवर होतं.

मी आत गेली. दादासमोर उकिडवी बसली. सगळं सांगितलं, माय काय म्हणते ते पण सांगितलं. त्याचा ओठ फाटला होता, बोलायला त्रास होत होता.

"तू लिहिलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?" म्हणाला आणि डोळे मिटले.

मी उठली. छोटा मालक टेबलाकडे जात होता. मोबाइलवर हात ठेवणार, तेवढ्यात मी हात घातला. दोन दिवस आधी मी हेच पुसायला जिवावर उदार झाली होती. आता म्हटलं, नाही. एक अक्षर पुसायचं नाही. त्यानं माझी बोटं उलटी पिरगाळली. मी सोडलं नाही. शिपायानं खांद्यावर काठी मारली. मी मोबाइल छातीशी धरून खाली बसली, मग आडवी झाली, फरशीवर, पोटाखाली मोबाइल. पाठीवर काठ्या पडत होत्या. मी ओरडत होती, "इसकी जब्ती बनाओ! कागज पे लिखो, क्या लिखा है इसमें! किसने लिखा है! जब्ती बनाओ!"

माय दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं असेल, पोरगा पण जातो आणि पोरगी पण. मग तिनंच बाहेर जाऊन मोहल्ल्यातल्या बायांना आत आणलं. ठाण्याबाहेर होत्याच त्या. व्हरांडा भरला, खोली भरली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हाताला कणीक. ठाणेदार खुर्चीतून उठला. काठी थांबली.

जप्ती झाली. मोबाइल पाकिटात गेला, लाख लागली. मी प्रत्येक अक्षर कागदावर घालून घेतलं, खोपडी पण घालून घेतली. छोट्या मालकावर ॲट्रॉसिटीचा गुन्हा लागला, लावून घेतला, तो काही त्यांनी हौसेनं नाही लावला.

पण दादा त्या दिवशी घरी आला नाही. लुटीची केस त्यांनी मागे घेतली नाही. तो जेलात गेला, तसाच मोडका हात घेऊन. जामीन होऊन आला तोवर हाड वाकडं जुळलं होतं. मूठ वळत नाही त्याची. टॉमी धरता येत नाही. दुकान आता मी चालवते, आणि मायनं माझ्याशी बोलणं किती तरी दिवस टाकलं होतं. अजून कधी कधी जेवताना दादाचा घास डाव्या हातातून सांडतो, तेव्हा ती माझ्याकडे बघते. मी मान खाली घालत नाही. मी चूक केली असं मला वाटत नाही. त्रास होतो. फार होतो. पण ते वेगळं.

केस चालू आहे. तारखा पडतात. भाऊसाहेब आता म्हातारे झालेत, निरोप पाठवतात, मुलगा सुधारलाय, लेकुरवाळा आहे, मिटवून टाक. मागच्या वेळी त्यांचा वकील कोर्टात म्हणाला, मजकूर कागदावर आहेच, तो वाचून दाखवण्याची गरज नाही, स्त्रिया बसल्या आहेत, असभ्य आहे. छोटा मालक मान खाली घालून उभा होता. लाज वाटत होती त्याला. वाटू दे.

मी सरकारी वकिलाला सांगून ठेवलंय. मला भरपाई नको, माफी नको, नोकरी तर नकोच नको. ते पाकीट फोडायचं, मोबाइल बाहेर काढायचा, त्याच्या हातात द्यायचा. ज्या बोटांनी लिहिलं त्याच बोटांनी त्यानं ते धरायचं आणि माझ्या मायसमोर, भर कोर्टात, मोठ्यानं वाचायचं. सगळं. आमच्या जातीच्या नावासकट. तोवर मी कुणाशी मिटवणार नाही आणि कुणाला ते पुसू देणार नाही.